शस्त्र परवान्याची मागणी आणि नियम तीन

अत्याचाराची बातमी आली की आपल्या निषेध सभांमधून एक मागणी हमखास पुढे येते. आम्हाला शस्त्र परवाने द्या! घोषणा होतात, टाळ्या पडतात, निवेदनाची पोच घेतली जाते आणि सभा पांगते. पुढचा अत्याचार घडेपर्यंत त्या मागणीची आठवण कुणालाच राहत नाही. प्रशासनाला ती राहत नाही हे आपण समजू शकतो. पण ती आपल्यालाही राहत नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. कारण ही मागणी कुणा वक्त्याच्या डोक्यातून निघालेली नाही. ती कायद्यात लिहून ठेवलेली आहे.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम ३१ मार्च १९९५ ला आले. त्यातील नियम ३ वाचावा. राज्य सरकारने अत्याचारप्रवण क्षेत्रे शोधावीत, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन कायदा व सुव्यवस्थेचा आढावा घ्यावा, असे तो सांगतो. त्यानंतर ज्या तरतुदी येतात त्या आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ कराव्यात अशा आहेत. गरज वाटल्यास अशा क्षेत्रातील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि घरोब्यातल्या मित्रांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत. बेकायदेशीर शस्त्रे जप्त करावीत. आणि गरज वाटल्यास जीवित व मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्र परवाने द्यावेत.

म्हणजे हा नियम अडकित्त्यासारखा आहे. एका पात्याने सुपारी फुटत नाही. अत्याचार करणाऱ्याच्या हातातले शस्त्र काढून घेणे हे एक पाते आणि अत्याचारग्रस्ताला संरक्षणाचे साधन देणे हे दुसरे. आपल्या सभांमध्ये दुसऱ्याच पात्याची चर्चा होते. पहिल्याचे नाव कुणी घेत नाही. वास्तविक पाहता पहिले पाते अधिक महत्त्वाचे आहे. गावात कुणाकडे बंदूक आहे, ती कशाच्या जोरावर मिळाली आणि ती कुणाच्या दिशेने रोखली जाते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

शस्त्र काढून घेतल्याचा इतिहास

शस्त्र कोणी धरायचे आणि कोणी धरायचे नाही, हे या देशात जातीने ठरवले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात हा प्रश्न थेट उचलला आहे. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र धरू दिले नाही, विद्या शिकू दिली नाही, म्हणून ते बंड करू शकले नाहीत आणि गुलामी हेच आपले नशीब असे मानून जगत राहिले, अशी त्यांची मांडणी आहे. नि:शस्त्र करणे हा गुलामगिरीचा पाया होता, हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे सांगितले.

या मनुवादी बंदीला भगदाड पाडले ते लष्कराने. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत महार सैनिक लढले. पुढे सत्तर-ऐंशी वर्षे आपली माणसे पलटणीत होती. पलटणीत हातात बंदूक आली तशी पाटीही आली. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतले शिक्षक. निवृत्तीनंतर हे कुटुंब साताऱ्यात राहिले. भीमाबाईंचे निधन इथलेच. ७ नोव्हेंबर १९०० ला बाल भिवाचे नाव साताऱ्याच्याच शाळेत दाखल झाले. पण त्याआधीच १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी 'लढवय्या जातीं'चा नवा सिद्धांत काढून महारांची भरती बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. दुसरीकडे १८७८ चा शस्त्र कायदा होताच. त्याने देशी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली आणि गोऱ्यांना मोकळे ठेवले. इतर हिंदुस्थानी माणूस एकदा नि:शस्त्र झाला, आपला माणूस दोनदा झाला. धर्माने एकदा आणि सरकारने एकदा.

१ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा हा दरवाजा पुन्हा उघडला. आज सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक वस्त्यांमध्ये निवृत्त सैनिकांची घरे आहेत. शस्त्र म्हणजे काय, हे त्या घरांना माहीत आहे. ज्यांना ते माहीत आहे ते शस्त्राची बढाई मारत नाहीत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

सातारा-सांगलीचे वास्तव

नियम ३ कागदावर असताना आपल्या दोन जिल्ह्यांत काय घडले? २००७ साली माण तालुक्यातील कुळकजाई येथे विहिरीच्या कामावरून झालेल्या मारहाणीत मधुकर घाडगे यांचा बळी गेला. २०१० मध्ये सत्र न्यायालयाने खटल्यातील सर्व आरोपींना निर्दोष सोडले. जानेवारी २०१२ मध्ये पाटण तालुक्यातील मुळगाव येथे मुलाच्या प्रेमप्रकरणाचा राग त्याच्या आईवर काढण्यात आला. तिला मारहाण करून भर गावात तिची विटंबना केली गेली. २०२३ साली मिरज तालुक्यातील बेडग येथे बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान पाडण्यात आली. न्याय मिळत नाही म्हणून आंबेडकरी कुटुंबे घरदार सोडून मुंबईच्या दिशेने पायी निघाली.

या तीन घटनांकडे नीट पाहा. विहीर म्हणजे पाणी आणि शेती. मुलगा-मुलगी म्हणजे जातीबाहेरचे लग्न. कमान म्हणजे गावातली सार्वजनिक जागा. आपल्या माणसाने यापैकी कशालाही हात घातला की हल्ला होतो. आता प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारला पाहिजे. या तिन्ही ठिकाणी कुणाच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल असते, तर काय झाले असते?

उत्तर सोपे नाही. जमाव असतो तेव्हा पिस्तुलात सहा-सात काडतुसे असतात. ती संपल्यावर काय? शिवाय आपल्याकडे फिर्याद दाखल झाली की तासाभरात उलटी फिर्याद येते, हा तर नेहमीचाच अनुभव आहे. हातात काठी नसलेल्या माणसावर दरोड्याचा गुन्हा लागतो, तिथे हातात पिस्तूल असलेल्या माणसावर भारतीय न्याय संहितेचे कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लागायला किती वेळ लागेल? तरीही दुसरी बाजू आहेच. साक्ष फोडण्यासाठी रात्री-अपरात्री दार ठोठावले जाते, शेताच्या वाटेवर एकट्याला अडवले जाते, गावाबाहेरच्या एकट्या घरावर दगड पडतात. अशा जागी पोलीस पोचेपर्यंत जीव वाचवायचा असतो. ज्याच्या घरात माणूस मारला गेला आहे आणि जो कोर्टात साक्ष द्यायला उभा आहे, त्याने परवाना मागितला तर ती चैन नव्हे. म्हणूनच आम्ही या मागणीची थट्टा करत नाही. पण परवाना म्हणजे मुक्ती, असेही आम्ही म्हणणार नाही.

अर्ज कसा उभा राहतो

परवाना देणारा अधिकारी म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. वय २१ पूर्ण हवे. अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. अंगठ्याच्या आणि डोळ्यांच्या तपासणीपेक्षा ज्या दोन गोष्टींवर अर्ज अडतो, त्या म्हणजे 'धोका सिद्ध होत नाही' हा पोलीस शेरा आणि 'अर्जदाराकडे संरक्षण करण्याजोगी मालमत्ता नाही' हा तोंडी टोमणा.

यातल्या दुसऱ्या गोष्टीला कायद्यात चोख उत्तर आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. बागायतदाराला पिकाच्या राखणीसाठी बंदूक मिळते, सावकाराला रोकड सांभाळायला मिळते, गुत्तेदाराला मिळते. भूमिहीनाकडे काय आहे? त्याच्याकडे जीव आहे. कायदा म्हणतो की जीव पुरेसा आहे. हे कलम अर्जात शब्दश: नमूद करावे. नकार दिला तर कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती मागितल्यावर, सार्वजनिक हिताचा अपवाद सोडला तर, द्यावी लागतात. त्यावर कलम १८ खाली अपील आहे. पहिल्या गोष्टीला, म्हणजे धोका सिद्ध होत नाही या शेऱ्याला उत्तर म्हणजे आपली कागदपत्रे. गुन्ह्याचा क्रमांक, धमकीच्या तक्रारीची पोच, साक्षीदार म्हणून आलेले समन्स, आणि त्यावर नियम ३ चा हवाला. अर्ज भावनेवर चालत नाही, कागदावर चालतो.

आता पैशांचे बोलू. सर्वसामान्य नागरिकाला नऊ मिलिमीटरचे पिस्तूल मिळत नाही, ते प्रतिबंधित आहे. मिळते ते बहुधा .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. किंमत होती सुमारे १ लाख २२ हजार रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला १६८ रुपये. म्हणजे ७२६ दिवसांची मजुरी! केंद्राच्या हमीचे वर्षाला १०० दिवस धरले तर सात वर्षांहून अधिक काळ, पोटाला चिमटा घेऊन. ज्या बाईवर गावात हात टाकला जातो, तिच्यासाठी हे शस्त्र बनलेलेच नव्हते. म्हणूनच नियम ३ मध्ये परवाना 'देण्या'ची तरतूद असली तरी शस्त्र घेण्याची ऐपत कुठून आणायची, याबद्दल तो मुका आहे.

पिस्तूल सांभाळणे ही रोजची नोकरी आहे

समजा परवाना मिळाला, कर्ज काढून पिस्तूलही आले. पुढे काय? इथे आपल्या चळवळीत कुणी बोलत नाही. म्हणून आम्ही सविस्तर बोलणार आहोत. ज्याला शस्त्र पेलायचे आहे, त्याने ते आधी जपायला शिकावे.

पलटणीतला पहिला धडा असा की, कोणतेही शस्त्र भरलेलेच आहे असे समजून हाताळायचे. कुणी 'रिकामे आहे' म्हणून हातात दिले तरी स्वत: तपासायचे. नळी माणसाकडे रोखायची नाही. चाप ओढायची वेळ येईपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही. आणि गोळी कशाला लागेल, एवढेच पाहून भागत नाही. त्याच्या मागे काय आहे, हेही पाहायचे. आपल्या वस्त्या पत्र्याच्या आणि कुडाच्या. पत्रा गोळी अडवत नाही. अंगणात झाडलेली गोळी शेजारच्या पाळण्यापर्यंत जाऊ शकते.

साफसफाईच्या वेळी अपघात होतात, ते क्रम चुकल्यामुळे. आधी मॅगझीन बाहेर काढायचे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामे आहे का ते डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझीन काढले, तर वरचे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते. मॅगझीन हातात आले म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि गोळी सुटते. 'रिकामे होते' म्हणत रडणाऱ्यांच्या घरात बहुधा हेच घडलेले असते. काडतुसे साफसफाईच्या खोलीत ठेवायचीच नाहीत. मग नळीतून ब्रश, त्यानंतर फौजी भाषेतली 'चिंदी', ती स्वच्छ निघेपर्यंत, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. तेल जास्त झाले तर नुकसान होते. ते काडतुसाच्या टोपीत झिरपले तर ऐन वेळी काडतूस फुटत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांचे हवामानही दोन टोकांचे आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. तिथे शस्त्र कातडी पाकिटात घालून पेटीत ठेवले तर कातडे ओल धरते आणि महिन्याभरात लोखंडावर गंज दिसतो. पाकीट अंगावर वागवण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. अंगाला लागून बाळगलेल्या पिस्तुलावर घामातले मीठ बसते. म्हणून पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात रोज रात्री पुसणे, आठवड्याला तेलाचा हात हे ठरलेलेच. याच्या उलट माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. तिथे पाऊस नाही, पण धूळ आहे. तेलावर धूळ बसली की तिचा चिखल होतो आणि स्लाइड अडकते. तिथे तेल अगदी बेताचे आणि पुसणे वारंवार.

आणि कृष्णाकाठ? २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगलीने पाहिले. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. घरे सोडून पळताना माणसे, जनावरे, कागदपत्रे वाचवायची असतात. त्यात परवान्याचे शस्त्रही आले, कारण ते वाहून गेले आणि भलत्याच्या हाती पडले तर जबाबदारी परवानाधारकाची. हरवल्याची खबर पोलीस ठाण्याला ताबडतोब द्यावी लागते. पाण्यात बुडालेले पिस्तूल वाळवून लगेच चालवून पाहणे म्हणजे जिवाशी खेळ. ते परवानाधारक कारागिराकडूनच तपासून घ्यावे आणि भिजलेल्या काडतुसांवर पुन्हा विश्वास ठेवू नये.

घरात शस्त्र कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली एकाच्याच ताब्यात. उशीखाली पिस्तूल हे सिनेमात शोभते. ज्या घरात लहान पोर आहे, दारूची सवय आहे किंवा कुणी खचलेला, निराश माणूस आहे, त्या घरात पिस्तूल न आणलेलेच बरे. बाहेरच्या शत्रूसाठी आणलेले शस्त्र अशा घरात पहिल्यांदा आपल्याच माणसावर चालण्याचा धोका मोठा असतो. हे कटू आहे. पण ते सांगितले नाही तर आम्ही वाचकांशी अप्रामाणिक ठरू.

सरावाविना शस्त्र म्हणजे ओझे

२०१६ च्या नियमांत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. सुरक्षित हाताळणी, साठवण, निगा, नेमबाजीचे तंत्र आणि कायद्याची माहिती या प्रशिक्षणात येते. प्रमाणपत्र मिळाले की झाले, अशी समजूत मात्र चुकीची आहे. पिस्तुलाची नळी आखूड. हात किंचित हलला तरी दहा पावलांवर गोळी हातभर बाजूला जाते. भीतीने छाती धडधडत असताना, अंधारात, समोर आरडाओरड चालू असताना नेम धरणे ही सवयीची बाब आहे. ती सवय सरावानेच होते.

सराव कुठे करायचा? माळावर, खाणीत किंवा शेतात मुळीच नाही. परवाना स्वसंरक्षणाचा आहे, तो माळावर डबे फोडण्यासाठी नाही. अशी एक गोळी परवाना घालवायला पुरेशी आहे. परवानगी असलेल्या नेमबाजी केंद्रातच सराव करायचा. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकचे कांस्यपदक आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे असे नेमबाज देशाला दिले. त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे. आपल्या वस्तीतल्या मुलामुलींनी एअर पिस्तूलपासून हा खेळ शिकावा, असे आम्हाला मनापासून वाटते. सामाजिक न्यायाच्या निधीतून तालुक्याला एक नेमबाजी केंद्र का होऊ नये? ज्या समाजाला शस्त्रापासून शतकानुशतके दूर ठेवले, त्याच्या लेकरांनी पदकासाठी नेम धरावा, यासारखे उत्तर नाही.

घरच्या घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करता येतो. मात्र तपासणी दोनदा, काडतुसे दुसऱ्या खोलीत, आणि रोख भक्कम दगडी भिंतीकडे. पाकिटातून काढणे, उभे राहणे, चाप सावकाश ओढणे, एवढेच रोज दहा मिनिटे. काडतुसे परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच मिळतात आणि प्रत्येकाचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून रिकाम्या पुंगळ्याही जपून ठेवाव्यात.

बाळगण्याचेही नियम आहेत. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल पाकिटातच हवे. ते दाखवणे, परजणे, हवेत बार काढणे सक्त मना आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही ठेवले आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत किंवा मोबाईलवर चित्रफीत टाकण्यासाठी ज्याने पिस्तूल बाहेर काढले, त्याने स्वत:चा परवाना तर घालवलाच, शिवाय पुढच्या दहा अर्जदारांच्या वाटेत काटे पेरले. पंजाबराव, पाटलाचा पोरगा मिरवतो म्हणून आपणही मिरवायचे नाही. अंगावर झाकून बाळगलेले शस्त्र कुणाला कळता कामा नये. ते कळले, की ते संरक्षणाचे साधन राहत नाही. त्याचे आमंत्रण होते.

आणि गावठी कट्टा? त्याबद्दल एकच सांगायचे. बिनपरवाना शस्त्र सापडले तर २०१९ नंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. आपल्या पोराची नोकरी, शिक्षण, पासपोर्ट सगळे त्या एका नळीत अडकते. कट्टा विकणारा आपला मित्र नाही.

कधी चालवायचे?

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण अशा हल्ल्याची वाजवी भीती असेल तेव्हा समोरच्याचा जीव जाईल इतका प्रतिकार कायदा मान्य करतो. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचाही नाही. हल्लेखोर पळत सुटला की हक्क संपला. शिवी दिली, पुतळ्याची विटंबना केली, कमान पाडली, यासाठी पिस्तूल नाही. त्यासाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, रस्ता आहे, कोर्ट आहे.

पंचशील घेतलेल्या माणसाने शस्त्र बाळगावे का, असा प्रश्न आमच्याकडे अनेक धम्मबांधव विचारतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेला तत्त्व म्हटले आहे, आंधळा नियम नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आहे. इच्छा कधीच नको. गरज आली तर ती विवेकाने तपासायची. ज्याला हा फरक रागाच्या क्षणीही आठवेल, त्यानेच परवान्याचा अर्ज भरावा. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडून संवैधानिक मार्ग धरायला सांगितले. परवान्याचे शस्त्र त्या मार्गात बसते, कारण ते कायद्याने मागितलेले आणि कायद्याच्या चौकटीत ठेवलेले असते. कट्टा बसत नाही.

आता मागणी काय करायची?

निवडणूक आली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. गावात तणाव सर्वात जास्त असतो तेव्हाच आपल्या माणसाची कंबर रिकामी होऊ शकते. ज्यांना नियम ३ खाली धोका मान्य करून परवाना दिला आहे, त्यांचा विचार या समितीने वेगळा करावा आणि शस्त्र घेतले तर पोलीस संरक्षण द्यावे, अशी मागणी आपण केली पाहिजे.

पण मूळ मागणी अडकित्त्याच्या दोन्ही पात्यांची असावी. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात तीन प्रश्न विचारावेत. १९९५ पासून आजपर्यंत नियम ३ खाली अनुसूचित जाती-जमातींच्या किती व्यक्तींनी परवाने मागितले आणि किती जणांना मिळाले? अत्याचाराच्या गुन्ह्यातील आरोपी आणि त्यांच्या नातेवाइकांचे किती परवाने रद्द करून शस्त्रे जमा करून घेतली? अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावे नोंदवली आहेत? नियम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायलाच हवी. तिथे बसणाऱ्या आपल्या सदस्यांनी चहा-बिस्किटे घेऊन परत येऊ नये. या तीन प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत.

ज्या गावात आरोपीची बंदूक सरकारी शस्त्रागारात जमा होते, त्या गावात आपल्या माणसाला पिस्तुलाची गरजच कमी भासेल. आणि ज्या गावात ती जमा होत नाही, तिथे प्रशासनाने परवाना नाकारण्याआधी स्वत:चे उत्तर लेखी द्यावे. हे उत्तर घेतल्याशिवाय पुढच्या निषेध सभेत ती जुनी घोषणा कुणी देऊ नये. पुढच्या तिमाहीची बैठक कधी आहे, ते आजच विचारून घ्या.